वन्सं आणि निळे कप

गौरींबरोबर गणपती गेले, मागोमाग चाकरमानी गेले, पाऊस मात्र मुक्कामाला. वन्संही राहिल्यात, परवाची गाडी आहे त्यांची. आज दुपारी चहा घेताना त्या दोन वाक्यं बोलल्या आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मघाशी साखरेच्या डब्यात मीठ ओतता ओतता राहिले. रात्रीची निजानीज झाल्यावर म्हटलं, लिहून तरी बघू.

झालं ते एवढंच. मागील दारी पायरीवर बसलो होतो. घावन निळ्या ताटलीत, चहा निळ्या कपात, रोजच्यासारखा. वन्संनी चहा संपवला, पण कप खाली ठेवेनात. काठावरून अंगठा फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हा आईचा कप. आजी दुपारी पडली की आई याच पायरीवर बसून यातून चहा प्यायची. मला बशीत ओतून द्यायची." डोळे भरून आले होते त्यांचे. मी म्हटलं, "हो का."

तो कप मी मुंबईच्या चोरबाजारातून, मटण स्ट्रीटवरून आणलाय. साडेतीनशे म्हणत होता, अडीचशेला दिला.

सांगावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. मग म्हटलं नको. आता ते 'नको' मला छळतंय. वन्संना वाईट वाटेल म्हणून नको, की मला काहीतरी राखून ठेवायचं होतं म्हणून नको?

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, माजघरावरची कौलं उडाली आणि फडताळ आडवं झालं. सहा बश्यांतल्या चार वाचल्या, पाच कपांतले दोन. (सहावा मी या घरात यायच्या आधीच गेला होता. कोणाच्या हातून, ते अजूनही कोणी सांगत नाही.) चिखलात बसून तुकडे वेचले तेव्हा गावात घराघराची तीच गत होती, वाड्याच होत्याच्या नव्हत्या झाल्या होत्या. पोफळी अशा आडव्या झालेल्या पाहवत नव्हत्या. तिथे कपबश्यांसाठी रडणं शोभलंही नसतं. रडले मी, पण न्हाणीघरात.

मग शोधायचा नाद लागला. मुंबईला गेले की चोरबाजार, पुण्याला ऋताकडे गेले की बुधवार-रविवारचा जुना बाजार. हे म्हणायचे, पाटा-वरवंटा आणलास तर निदान उपयोग होईल. कुठे सेट फुटलेला, कुठे बशीला केसासारख्या चिरा पडून त्यांत चहा मुरलेला. या चिरा कशाने पडतात तेही कळलं. मातीचं अंग आणि वरची झिलई सारख्या प्रमाणात आकसत-फुगत नाहीत, मग झिलई तडकते. डाग कोमट पाण्यात खायचा सोडा घालून बुडवून ठेवलं की बरेच निघतात, पण चीर राहते ती राहतेच. टिचकी मारून ऐकायला शिकले. सलग भांडं टण्ण वाजतं, तडकलेलं ठप्प. दुकानदार आधी हसायचे, मग स्वतःच टिचकी मारून दाखवायला लागले.

असे चार कप आणि दोन बश्या जमवल्या. सहाला सहा. फडताळात मांडलं तेव्हा ह्यांना बोलावून दाखवलं. चष्मा न लावताच म्हणाले, "छान, वाचले की सगळे." वाचले! त्या दिवशीच मला कळायला हवं होतं की या घरात हे कोणाच्याही लक्षात यायचं नाही. पंचवीस-तीस वर्षं पुसून, झाकून, वापरून, फुटल्यावर भरून काढून, शेवटी काय, तर आईचा कप. माझं काय आहे त्यात? कपाट माझ्याकडे आलं ते कसं आलं, तो विषय आज नको. पण आलं म्हणून निगुतीने ठेवलं ना? माझ्या माहेरची एक पितळी समई सोडली तर या घरात कुठल्या वस्तूला माझं नाव आहे सांगा.

असो. फारच रडगाणं झालं.

मला फरक ओळखता येतो. नक्षी निळी, विलोची: लोंबत्या फांद्यांचं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पाखरं. ही नक्षी हाताने काढलेली नसते. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून ती पातळ कागदावर उठवायची, तो कागद एकदा भाजून काढलेल्या कपाला गुंडाळायचा, मग झिलई चढवून पुन्हा भट्टीत. कोबाल्टचा निळा रंग तेवढी आच सोसतो, म्हणून सगळं निळंच. कागद जिथे येऊन मिळतो तिथे जोड दिसतो. आमच्या घरच्या कपांत काठाची वेलबुट्टी कानाजवळ येऊन चक्क तुटते, अर्धं फूल इकडे आणि अर्धं गायब. मी आणलेल्यांत ती जवळजवळ जुळते. खालचा शिक्काही वेगळा. आमच्यांवर नुसतं 'इंग्लंड', आणलेल्यांवर 'मेड इन इंग्लंड'. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, तेव्हापासून या भांड्यांवर असे शिक्के सर्रास दिसतात. 'मेड इन' सहसा त्याही नंतरचं, विसाव्या शतकातलं.

म्हणजे आणलेला कप घरच्यापेक्षा नवा आणि वर जास्त सुबक. वन्संनी तोच उचलला. साहजिक आहे. ट्रेमध्ये त्यांच्यासमोर तोच होता, मीच ठेवला होता. पाहुण्यांना चांगला द्यावा म्हणून.

आणि खरं म्हणाल तर 'घरचा' तरी कितपत खरा? ही नक्षी बघून कोणीही म्हणेल चीनहून आलंय. चीनहून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर इंग्लंडात उड्या पडत होत्या, म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्याच कारागिरांनी तशी दिसणारी ही नक्षी तयार केली. मग माल खपावा म्हणून तिला एक गोष्टही चिकटवली, श्रीमंत बापाची मुलगी, गरीब कारकून, दोघं पळून जातात, मरतात आणि पाखरं होतात. चीनमध्ये अशी काही लोककथा नाही. सासूबाईंनी ही गोष्ट ऐकलेली नव्हतीच. त्यांची वेगळी होती. ते पाणी म्हणजे आंजर्ल्याची खाडी, पुलावरची तिघं कड्यावरच्या गणपतीला निघालेली. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, होडीची तर होती. म्हणून त्यांना बशीवरच्या पुलाचं भारी अप्रूप. मी नवी असताना मला म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे होईल तेव्हा होईल, बशीत तरी झालाय."

आता मुख्य सल. ती पायरीची गोष्ट सासूबाईंनी मला कधी सांगितली नाही.

मी पाहिल्या त्या सासूबाई स्टीलच्या पेल्यातून चहा घेणाऱ्या. "कपात निवतो गं" म्हणायच्या. मी समजत होते की आजेसासूबाईंच्या सोवळ्याची सवय. चिनी माती त्यांच्या स्वयंपाकघरात येत नसे. पितळ चिंचेने घासलं, विस्तव दाखवला की शुद्ध. चिनी मातीला तो इलाज नाही, एकदा उष्टी ती कायमची उष्टी. (लोणच्याच्या बरण्या त्याच मातीच्या आणि त्या मात्र चालत. लोणच्याला सगळं माफ असतं.) नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वडिलांनी कपबश्या मुंबईहून पेंढा भरलेल्या खोक्यातून आणल्या. हर्णैला बोट लांब उभी राहायची, तिथून पडावात आणि पडावातून डोक्यावर. इतकं करून त्या कपाटात बंद, आल्यागेल्यासाठी. हे सगळं मला ठाऊक. पण त्याच कपाटातून दुपारी गुपचूप एक कप काढून, मागील दारी बसून एक सून चहा पिते आणि लेकीला बशीत ओतून देते, हे मला ठाऊक नव्हतं. मला शिक्का ठाऊक, जोड ठाऊक, झिलई ठाऊक. वन्संना ती दुपार ठाऊक. मग कप कोणाचा म्हणायचा?

मत्सरच आहे हा, दुसरं काय. साठीला टेकल्यावर मेलेल्या सासूच्या चहाचा मत्सर.

आणखी एक कप असायचा, त्याबद्दल वन्संही बोलत नाहीत. कान तुटलेला, पडवीच्या वळचणीला खोचून ठेवलेला. कामावरच्या गड्यांसाठी. त्यांनी तो आपला आपण काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन परत खोचायचा. मी आले तेव्हा कप नव्हता, पण वाशाजवळची ती जागा ह्यांनी मला दाखवली होती, सहज, घर दाखवता दाखवता. महाडचं चवदार तळं कुठे फार लांब आहे इथून? १९२७ केव्हाच होऊन गेलं होतं. त्या कपावरची नक्षी कुठली होती हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. जाऊ दे. म्हणजे जाऊ देऊ नये, पण आज माझ्याच्याने होणार नाही.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर वन्सं स्वयंपाकघरात आल्या. मी सोलकढी करत होते. म्हणाल्या, "निळ्या वाट्यांत वाढ की, गुलाबी छान दिसेल." मी म्हटलं, नाही हो, जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आंबटाने ते सुटतं, मी सार, कढी, लोणचं कधीच घालत नाही त्यांत. बघत राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, "तुला किती माहिती आहे गं. आईला यातलं काही माहीत नव्हतं, ती आपली वापरायची." हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवतेय. कौतुकच असावं. वन्संना टोमणा मारायचा असला की त्या आधी 'बाई' म्हणतात.

आणि मग, पदराने हात पुसत, दुसरीकडे बघत: "वहिनी, तो कप मी नेऊ? एकच. सेट मोडेल म्हणा तुझा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. वन्सं, तो नको, खरा देते, ज्याची नक्षी तुटलीय तो. पण खरा दिला असता तर त्या म्हणाल्या असत्या, हा नाही गं, तो. आणि मी 'तो' दिला, तर मला काय पडतं? अडीचशे रुपये. खरे दोन माझ्याकडेच राहतात आणि वर मोठ्या मनाची म्हणून नाव. इतकं फुकटचं पुण्य पदरात पाडून घ्यायला हात धजेना. रात्री भांडी घासताना दोन्ही कप शेजारी ठेवून बघितले. सासूबाईंनी कोणता उचलला असता? जो हाताशी आला तो. त्या काही शिक्के बघत बसल्या नव्हत्या.

शेवटी असं ठरवलंय की कप आणलेलाच द्यायचा, बशी मात्र घरची द्यायची. चारातली एक, जिच्या पुलाशी झिलई जराशी उडालीय ती. वन्संना चहा बशीतूनच मिळायचा, तेव्हा त्यांच्या वाटची वस्तू बशीच आहे. हे मला सुचलं तेव्हा इतकं बरं वाटलं की एकटीच हसले. हे कुशीवर वळून म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही, झोपा.

सांगणार मात्र नाही. दिवाळीला फोनवर तोंडातून निघून गेलं तर गेलं.

उद्या वन्संच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून डब्यात भरून देईन, वर्तमानपत्रात गुंडाळलं की शाई लागते. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका हे त्यांना एकदा सांगेन, त्यांच्या सुनेला फोन करून दोनदा. उरतील पाच कप, पाच बश्या. डिसेंबरात मुंबईला लग्न आहे, तेव्हा मटण स्ट्रीटला एक चक्कर होईलच. ह्यांनी विचारलं आता आणखी कशाला, तर म्हणेन, तुमच्या बहिणीला विचारा.