ट्यूबलाईटच्या आतला न दिसणारा कोट – माझा अनुभव

केमिकल डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी पुण्याजवळच्या एका ट्यूबलाईट कंपनीत, कोटिंग सेक्शनला. मला वाटायचं आतली पांढरी पावडर, म्हणजे फॉस्फर, जी पाऱ्याच्या वाफेतून निघणाऱ्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा उजेड करते, एवढंच काय ते कोटिंग. पहिल्याच दिवशी ऑपरेटर काकांनी चार फुटी नळी उजेडाकडे धरली नि म्हणाले, सांग बघू यात काय लावलंय? मला तर साधी काच दिसली. तिरपी करून बघितली तेव्हा कुठे हलकी निळसर झाक दिसली. तो प्रीकोट, अगदी बारीक अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पावडरीचा थर, फॉस्फरच्या आधी लावतात तो.

त्याचं काम कळल्यावर मी त्याच्या प्रेमातच पडलो. ट्यूब चालू असताना पारा हळूहळू काचेत शिरतो, काचेतल्या सोडियमशी त्याचं काहीतरी जुळतं आणि काच काळपट पडत जाते, उजेड कमी होतो, पाराही वाया जातो म्हणून आधीच जास्त भरावा लागतो. अॅल्युमिना मधे असला की हे सगळं खूपच कमी होतं. शिवाय फॉस्फरमधून निसटलेले २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण तो परत फॉस्फरकडे पाठवतो, म्हणजे महागडी ट्रायफॉस्फर (तीन रंगांच्या फॉस्फरांची मिसळ) पावडर कमी लागते.

काम दिसायला सोपं. नळी गरम पाण्याने धुवायची, वाळवायची, उभी लावायची, आतून स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेला अॅल्युमिना, सोडायची, जादा निथळून गेली की गरम हवेने सुकवायचं. मग फॉस्फर, मग भट्टी, तिथे ५०० अंशांच्या वर बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जळून जातो. पण उभ्या नळीत स्लरी खाली ओघळणारच ना, त्यामुळे वरचं टोक पातळ नि खालचं जाड, आणि हा फरक आटोक्यात ठेवणं हेच खरं काम. स्लरी किती घट्ट आहे हे कळायला तळाला भोक असलेल्या कपातून ती किती सेकंदात रिकामी होते ते दर तासाला बघायचो, कारण पाणी उडून ती घट्ट होत जाते. फेस आला तर बुडबुड्याच्या जागी सुईएवढं भोक राहतं आणि पारा तिथूनच घुसतो.

मला खरं रडवलं पहिल्या पावसाळ्याने. हवेत ओल, थर सुकायला उशीर, तेवढ्यात तो खाली जमा व्हायचा आणि भट्टीतून आल्यावर खालच्या टोकाला फॉस्फर पापुद्र्यासारखा सुटायचा. मी हवेचं तापमान वाढवलं तर थराला तडेच गेले. दोन शिफ्टचा माल रिजेक्ट गेला, रात्री झोप लागेना. काका म्हणाले, उष्णता नको वाढवू, वारा वाढव. मग तापमान थोडं खाली आणलं, ब्लोअर वाढवला, स्लरी थोडी पातळ केली, असं करत करत चार दिवसांनी थर बसला.

त्या बॅचच्या ट्यूबा १०० तास चालू ठेवून उजेडाचं रीडिंग घेतलं तेव्हा लॅबच्या दारातच उभा होतो मी. आकडा नेहमीच्या रेंजमध्ये आला. काकांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्लरीच्या टाकीची चावी माझ्या हातात दिली.