सव्वा, साडे, पावणे: कमी वेळा जागणारी मराठी तबकडी

स्मार्टवॉचसाठी मी बनवलेली, मराठी शब्दांत वेळ सांगणारी तबकडी आता रोजच्या वापरात आली आहे, म्हणून आतापर्यंतच्या कामाची ही नोंद. घड्याळ बँगल.जेएस २. आत नॉर्डिकची एनआरएफ५२८४० चिप, वर १७६ बाय १७६ पिक्सेलचा, आठ रंगांचा मेमरी एलसीडी, आणि सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहायची सोय. नागपुरात हा डिस्प्ले निवडायला एक साधं कारण आहे: ऊन. मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलला दुपारी थांबलात, दोन्ही हात स्कूटीच्या हँडलवर, तर एमोलेडवाल्याला (स्वतः प्रकाश देणारा स्क्रीन) ब्राइटनेस टोकाला न्यावा लागतो आणि बॅटरी तिथेच उतरते. मेमरी एलसीडी बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. ऊन जितकं कडक, तितके आकडे ठळक. म्हणून इथे पांढऱ्यावर काळी अक्षरं. एमोलेडवर नेमकं उलटं करायचं असतं, त्याकडे पुढे येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वीज वाचवायची तर तबकडी दिवसातून किती वेळा बदलते हे सगळ्यात आधी ठरवा. सेकंद दाखवले तर एरवी झोपलेला प्रोसेसर दिवसाला ८६,४०० वेळा जागा होतो. मिनिटं दाखवली तर १,४४०. आणि आपण मराठी माणसं वेळ सांगतो ती बहुतेकदा पावातच. 'दहा वाजून सोळा मिनिटांनी ये' असं कोण म्हणतं? सव्वादहाला ये म्हणतात. पाव तासाने बदलणारी तबकडी दिवसाला फक्त ९६ वेळा जागी होते, आणि वाचणाऱ्याला मनात हिशोबही करावा लागत नाही.

फक्त पाव तास मात्र फार ढोबळ होतो, बस चुकेल. म्हणून शब्दांखाली ठिपके दिले. एक ठिपका म्हणजे पाच मिनिटं. सव्वादहा आणि एक ठिपका म्हणजे दहा वीस, दोन ठिपके म्हणजे दहा पंचवीस, मग ठिपके जाऊन 'साडे' येतं. दिवसाला २८८ वेळा जाग. नेमकं मिनिट हवं असेल तर बटण दाबायचं. लॉक उघडलं की १०:२३ असे मोठे आकडे येतात, परत लॉक झालं की शब्द. टायमर ठरावीक अंतराने चालवत नाही. सध्याच्या वेळेला तीन लाख मिलिसेकंदांनी (म्हणजे पाच मिनिटांनी) भागून जी बाकी उरते ती तीन लाखांतून वजा करतो आणि तेवढाच टाइमआउट लावतो, म्हणजे बदल बरोबर पाच मिनिटांच्या काट्यावर होतो. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असली तरी हे गणित जमतं, कारण ३३० मिनिटांना पाचानेही भाग जातो आणि पंधरानेही.

आता सगळ्यात मजेचा भाग. या डिस्प्लेला माहिती ओळीने जाते. ओळीतला एक पिक्सेल बदलला तरी अख्खी ओळ पाठवावी लागते: १७६ पिक्सेल, प्रत्येकी ३ बिट, म्हणजे ६६ बाईट. त्यामुळे बदलणारा भाग किती रुंद आहे याने फरक पडत नाही, किती उंच आहे याने पडतो. ८० पिक्सेल उंचीचा आकडा दर मिनिटाला बदलला की ८० ओळी गेल्या. माझे ठिपके १६ ओळींत बसतात. मांडणी अशी: वर २४ ओळी विजेटसाठी (माहितीच्या छोट्या खुणा), मग ६४ ओळींत पहिला शब्द, पुढच्या ६४ मध्ये दुसरा, खालच्या २४ मध्ये ठिपके. बरोबर १७६.

हाच नियम वाचनीयतेच्याही कामी आला. शेजारच्या काकांच्या हातात घड्याळ दिलं. चष्मा न लावता, हात लांब करून ते म्हणाले, "हे साडेसात आहे का साडेसहा, बाप्पा?" सात आणि सहा दोन्ही 'स'ने सुरू होतात, वरची शिरोरेषाही तशीच, एका नजरेत फरक कळत नाही. मग तासाच्या शब्दाशेजारीच देवनागरी आकडा टाकला: 'सात ७'. ओळी त्याच असल्याने डिस्प्लेकडे जाणारा एकही बाईट वाढला नाही. देवनागरीतले १ आणि ९ लांबून सारखेच भासतात, तिथे शब्द आकड्याला सांभाळून घेतो. काकांनी पुन्हा बघितलं आणि लगेच वेळ सांगितली. त्या क्षणी फार बरं वाटलं.

अक्षरं मुक्त फॉन्टच्या जाड वजनातून, म्हणजे ठळक प्रकारातून घेतली. एस्प्रुइनो (घड्याळात जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) जोडाक्षरं स्वतः जुळवत नाही, त्यामुळे 'सव्वा'सारखा शब्द थेट लिहिता येत नाही. प्रत्येक शब्दाचं एक-बिटाचं चित्र आधीच करून ठेवलं. बारा तास, सव्वा-साडे-पावणे, शिवाय दीड, अडीच, पाऊण, आणि वाजला, वाजले. एकूण वीस चित्रं, प्रत्येकी जास्तीत जास्त १,४०८ बाईट, म्हणजे सगळी मिळून २८ हजारांच्या आसपास. सव्वाएक, साडेएक, साडेदोन किंवा पावणेएक कोणी म्हणत नाही, म्हणून या चार वेळा कोडमध्ये वेगळ्या हाताळल्या: सव्वा वाजला, दीड वाजला, अडीच वाजले, पाऊण वाजला. अतिजाड वजन टाळा. 'साडे'तल्या 'ड'चं पोट बुजतं आणि कडा गुळगुळीत करायला इथे करड्या छटा नाहीत.

वेअर ओएसवाल्यांसाठी (गुगलची स्मार्टवॉच प्रणाली) थोडक्यात. गुगलने सॅमसंगसोबत २०२३ मध्ये आणलेल्या वॉच फेस फॉरमॅटमध्ये तबकडी एक्सएमएलमध्ये लिहायची असते, त्यामुळे हे शब्द अटी लावून बसवता येतील. पण एमोलेडवर काळा पिक्सेल बंद असतो, म्हणून पार्श्वभूमी काळीच हवी. अँबियंट मोडमध्ये (घड्याळ वापरात नसताना मंद स्क्रीन चालू राहतो तेव्हा) १५ टक्क्यांपेक्षा जास्त पिक्सेल पेटू नयेत असा दंडक आहे. जाड देवनागरी तिथे महाग पडते, बारीक किंवा नुसत्या बाह्यरेषेची अक्षरं घ्या. निळा रंगही टाळा, त्याला हिरव्यापेक्षा जास्त वीज लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवा: जीपीएस, हृदयगती आणि बॅकलाइट चालू ठेवलेत तर तबकडीतली ही सगळी बचत दिसणारही नाही. मी दिवसा बॅकलाइट बंदच ठेवतो.

आता रात्रीचं काम हाती घेतलं आहे. अंधारात मनगट वळवल्यावर प्रकाश लागेल, पण तो किती मंद ठेवला तरी 'पावणे' वाचता येतं हे वयस्क डोळ्यांवर तपासायचं आहे. काका तयार आहेत. तुमच्या घरी कोणी साठीपुढचं असेल आणि हे घड्याळ असेल, तर कळवा, चित्रांची फाईल पाठवतो.