दोन सुतांचा उतार

पन्हळीचं काम लोकांना पत्र्याचं वाटतं. माझ्या मते ते ब्रॅकेटचं काम आहे. 6 इंची अर्धगोल पन्हळ तुडुंब भरली की फुटाला पावणेतीन लिटर पाणी धरते. 30 फुटांना 80 किलोंहून जास्त ओझं. ते सगळं ब्रॅकेट पेलतात. उतार बिघडला तर पाऊस थांबल्यावरही ते ओझं तसंच लटकत राहतं.

बडोद्यात दांडिया बाजारात, मृगाच्या तोंडावर, एका जुन्या कौलारू वाड्याचं काम आलं. आधीची पन्हळ मधोमध लोंबत होती, ब्रॅकेटचे खिळे फळीतून अर्धे बाहेर आले होते. घरमालकीण काकू म्हणाल्या, "त्या माणसानं नीट ठोकलं नाही रे. तू चांगलं घट्ट ठोक."

खिळा पन्हळीला टिकत नाही हे खरंच. भरण्या-रिकामं होण्यानं तो हळूहळू सैल होतो, म्हणून मी स्क्रूच वापरतो. पण इथे नुसत्या खिळ्यांचा दोष वाटेना. मी आणि माझ्या जोडीदारानं पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरलं, एकेक टोक धरून वळचणीला लावलं. डावं-उजवं टोक बरोबर एका पातळीत. नळी मध्यावर आणली तर वळचण दीड इंच खाली!

आधीच्या माणसानं वळचणीला समांतर ब्रॅकेट मारले होते. दिसायला सुरेख, पण पाणी सगळं मध्यावर जमायचं आणि तिथूनच ओसंडायचं. थेट ओसरीच्या मधल्या खांबाच्या पायाशी. मी खाली उतरून त्या सागवानी खांबाच्या बुडाला पेचकस लावला, तो बोटभर आत गेला. पाणी पडून बूड कुजलं, खांब दबला, वळचण आणखी झुकली, आणि पाणी आणखी तिथेच. आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष विश्वामित्री नदीकडे. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर ते साहजिकच आहे. पण घराच्या छपराचं पाणी कुठे पडतं, तेही तितक्याच काळजीनं बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी दोरी बांधली. 10 फुटांना 2 सूत (पाव इंच) उतार, म्हणजे 30 फुटांत पाऊण इंच. दोरीच्या मध्यावर कौलाची कड टेकत होती, डाव्या टोकाला इंचभर फट आणि उजवीकडे जवळजवळ दोन इंच. काकू अंगणातून बघत होत्या.

"अरे, ही तर वाकडी दिसते! येणारे-जाणारे काय म्हणतील?"

"काकू, दोरी बरोबर आहे. वळचण झुकलीय."

त्या गप्प झाल्या. सासऱ्यांनी बांधलेलं घर. मी नळीची दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली, खांबाचं बूड दाखवलं. बराच वेळ खांबावर हात ठेवून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पाण्याला बरं पडेल तसं लाव."

फळी मधे भुसभुशीत झाली होती, म्हणून तिथले ब्रॅकेट सरळ वाशांच्या कडेला घेतले. आधी दोन टोकांचे, मग दोरीला धरून अडीच-अडीच फुटांवर बाकीचे. टोकांच्या फटीतून वाऱ्यानं पाणी भिंतीवर उडेल, म्हणून कौलाखालून पत्र्याची पट्टी पन्हळीत सोडली. डाव्या टोकाला बादली ओतली, उजवीकडच्या पाइपातून पाणी बाहेर आलं, मध्ये थेंब साचला नाही.

खांबाचं काम माझं नाही. जुन्या लाकडाची जाण असलेल्या सुताराला त्याच संध्याकाळी फोन लावून दिला आणि काकूंना बजावलं, की खांब वर उचलू देऊ नका, नाहीतर कौलं फुटतील. आहे त्या उंचीवर टेकू देऊन फक्त बूड बदलायचं. तोवर ओसरीवरच्या माळ्यातली तांब्या-पितळेची जड भांडी आम्ही दोघांनी खाली उतरवून दिली.