विटेवरचा देव पूर्ण आहे का?

ज्येष्ठ वद्यात पैठणहून नाथांची पालखी निघते आणि बालाघाटाचा डोंगराळ मुलूख ओलांडून, परंड्यावरून कुर्डू, करकंबमार्गे पंढरपूर गाठते. आळंदी-देहूच्या मानाने या वाटेवर गर्दी कमी. त्यामुळे एखादा विषय निघाला की तो पुढच्या मुक्कामापर्यंत चालतो. आमच्या दिंडीत यंदा असाच एक प्रश्न निघाला: देव पूर्ण असेल, तर तो कोणाची वाट पाहत उभा आहे, असे म्हणता येईल का?

प्रश्न काढला एका निवृत्त गुरुजींनी. ज्याला काही हवे असते त्याच्याजवळ ते नसते, आणि ज्याच्याजवळ काही नाही तो पूर्ण नव्हे, असे त्यांचे सरळ म्हणणे. युरोपीय तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’ या ग्रंथातही हाच मुद्दा आहे: देव हेतू धरून काही करतो असे मानले, तर त्याला काहीतरी लाभायचे राहिले आहे असे मानावे लागते आणि त्याची पूर्णता जाते. वेदान्ताचा पाया मानल्या जाणाऱ्या ब्रह्मसूत्रांनाही ही अडचण दिसली होती. ज्याची प्रत्येक इच्छा पुरलेली आहे अशा ईश्वराने सृष्टी का निर्माण करावी, या शंकेला तिथे लीलेचे उत्तर आहे. गरज म्हणून नव्हे, सहज खेळ म्हणून. हे उत्तर तर्काला पुरते. पण बीड जिल्ह्यातल्या ज्या शिवारांतून आम्ही चाललो होतो, तिथे दुबार पेरणीच्या धास्तीने आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाला ‘हा खेळ आहे’ असे सांगायला माझी जीभ रेटली नसती.

पाटोद्याच्या मुक्कामी एक मावशी माझ्या टाचेच्या फोडातून सुईने दोरा ओवत होत्या. दोरा आत राहू दिला की पाणी निथळते आणि कातडे सोलून निघत नाही. एरवी त्या हंगामाला ऊसतोडीवर असतात. आमचे बोलणे ऐकून, मान वर न करताच त्यांनी विचारले, “त्याला तरी एकल्याला कसं करमंल, माउली?”

गुरुजी म्हणाले, “करमत नाही म्हणजे उणीवच झाली की.”

“असंल की गुरुजी. म्हणून तर आपण निघालोत.”

तर्काने हे सिद्ध होत नाही, पण वारकरी परंपरेचा सगळा भार याच बाजूला आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात, अंबरीषाच्या कथेत, विष्णू दुर्वासाला सांगतो की मी भक्तांच्या अधीन आहे, स्वतंत्र नाही. श्रीखंड्या होऊन देवाने नाथांच्या घरी पाणी भरले, ही कथा पैठणात सर्वांना ठाऊक आहे आणि तो रांजण आजही दाखवला जातो. मला मात्र गाढवाची कथा अधिक मोलाची वाटते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली आणि ती रामेश्वराला पोचली असे मानले. रामेश्वराला त्या पाण्याची गरजच नव्हती असे म्हटले, तर ‘पोचली’ याला काही अर्थ राहत नाही. गरज होती म्हटले, तर ती गाढवाच्या घशात होती. मला दुसरे खरे वाटते, कारण जिवांची तहान देवाच्या बाहेर राहिली, तर देवावाचून काहीतरी उरले, आणि मग तो पूर्ण कसा?

परंड्याजवळ गुरुजींनी शेवटचा आक्षेप घेतला आणि तो खरोखर जड होता: गरजवंत देव दुसऱ्याची गरज काय भागवणार? मी म्हणालो की भुकेची गरज आणि मायेची ओढ यांत फरक आहे. माया करणे म्हणजे दुसऱ्याच्या सुखदुःखाचा स्वतःवर परिणाम होऊ देणे. ज्याच्यावर तो होऊच शकत नाही, त्याच्या ठायी एक सामर्थ्य कमी आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्णही सांगतो की मला मिळवायचे काही उरलेले नाही, तरीही मी कर्मात आहे.

गुरुजींना हे पटले नाही. मी पूर्णतेची व्याख्याच बदलतो आहे, असे ते म्हणाले. ती मी बदलतो आहे, हे मी कबूल केले. कारण जुनी व्याख्या धरली, तर पैठणच्या त्या रांजणाला आणि आमच्या या चालण्याला देवाच्या बाजूने काहीच अर्थ राहत नाही, तो फक्त आमच्या बाजूने राहतो.