ओटीपोट दुखतंय आणि वजनही उतरतंय

ओटीपोटासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, वजनासाठी फिजिशियन, गॅसेससाठी तिसरंच कुणी. अशाने प्रत्येकाच्या कागदावर अर्धीच हकिगत राहते. दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना, एकाच दमात सांगा: "तीन महिने ओटीपोट दुखतंय, आणि काही न करता चार किलो उतरलेत."

'कपडे सैल झालेत' एवढ्यावर भागत नाही, आकडा हवा. आठवड्यातून एकदा, सकाळी लघवी झाल्यावर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करा. सहा ते बारा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 60 किलोला 3 किलोहून जास्त वजन आपोआप घटलं असेल तर कारण शोधायलाच हवं. पूर्वीचं वजन आठवत नसेल तर जुन्या केसपेपरवर बहुतेक सापडतं. काटा फसवतोही. पोटात पाणी साठत असलं की वजन जागेवर राहतं, पण दंड आणि गाल उतरतात. म्हणून बेंबीच्या रेषेत टेपने पोटाचा घेरही मोजा.

दुखण्याच्या वहीत पाळीचा कितवा दिवस, कोणती बाजू, लघवी-शौच किंवा संबंधाच्या वेळी वाढतं का, रात्री झोपमोड होते का, एवढं पुरे. पोट फुगणं, चार घासांत पोट भरणं, सारखी लघवीला लागणं यांवर मात्र वेगळी खूण करा. ही लक्षणं नव्याने सुरू होऊन महिन्यात 12 पेक्षा जास्त वेळा जाणवत असतील, विशेषतः पन्नाशीनंतर, तर अंडाशयाचा कर्करोग नाही ना, हे तपासावं लागतं. त्या वयात पहिल्यांदाच 'आयबीएस (तपासणीत दोष न दिसणारा आतड्याचा त्रास) आहे' असं सांगितलं गेलं, तर सीए-125 (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी झाली का, हे बेधडक विचारा.

सीए-125 ची मर्यादा साधारण 35. पण पाळी चालू असताना, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा क्षयरोगातही तो वाढतो. उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात जवळपास निम्म्या जणींत तो नॉर्मल येतो. एकट्या आकड्यावर ना घाबरावं, ना निर्धास्त व्हावं. सोनोग्राफी शक्यतो योनीमार्गे करावी, अंडाशय त्यात जास्त स्पष्ट दिसतात.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिसचे बारीक डाग सुटू शकतात. मात्र त्याने वजन थेट सहसा उतरत नाही. दुखेल या धास्तीने खाणं कमी होतं, तेव्हा उतरतं. जेवण पूर्वीइतकंच असेल तर एंडोमेट्रिओसिसपाशी थांबू नका. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, पाळी कमी होणं असेल तर क्षयरोगाचा विचार व्हायला हवा. पोटाचा क्षयरोग स्कॅनवर हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखा दिसू शकतो, आणि मग बायोप्सीशिवाय निवाडा होत नाही. जुलाब किंवा शौचातून रक्त असेल तर आतड्याचा दाह बघण्यासाठी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करतात. सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार) रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. आधीच गहू सोडला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) सुरुवातीलाच उरकून घ्यावेत.

दुखणं एकाएकी असह्य झालं, सोबत उलट्या, चक्कर किंवा चुकलेली पाळी असेल तर वही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जा. अंडाशयाला पीळ किंवा गर्भाशयाबाहेर, बीजनळीत वाढणारा गर्भ असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.