कोडिंग येत नाही, मग रोबो कोण चालवणार?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतले शॉपमालक भेटले की थोड्या वेळाने गाडी याच प्रश्नावर येते. "रोबो घ्यायचाय हो, पण आमच्या पोरांना कोडिंग कुठे येतं?" आयटीआयची मुलं तेच दुसऱ्या बाजूने विचारतात, "सर, आधी पायथन शिकू का?" वेल्डिंगचे रोबो बसवून देणं आणि चालवायला शिकवणं हेच माझं रोजचं काम. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोडिंग नसलं तरी भागतं, वेल्डिंग कळत नसेल तर मात्र अवघड आहे.

हे मला अंबडमधल्या एका लहान फॅब्रिकेशन शॉपमध्ये पटलं. सहा अक्षांचा रोबो, आणि प्रोग्रॅम करणारा इंजिनियर पुण्याचा. ब्रॅकेटचं ड्रॉइंग 3 मिलिमीटरने बदललं तरी त्याला फोन करायचा आणि तो येईपर्यंत रोबो झाकून ठेवायचा. तेवढे दिवस तोच ब्रॅकेट शेजारच्या बूथमध्ये एक काका हाताने वेल्ड करायचे. 22 वर्षं मिग वेल्डिंग केलेला माणूस. जॉबचं, म्हणजे जो तुकडा वेल्ड करायचा त्याचं, सगळं ज्ञान त्यांच्याजवळ, आणि रोबोला मात्र त्यांनी कधी हात लावलेला नाही. मला ते बघवेना.

मालकांना विचारून मी पेंडंट, म्हणजे रोबो हलवायचा आणि शिकवायचा हातातला कंट्रोलर, काकांच्या हातात दिला. पेंडंटच्या मागच्या बाजूला एक स्विच असतो, तो धरून ठेवल्याशिवाय रोबो हलत नाही. रोबो जरा सरकला, काका दचकले, त्यांनी मूठ आवळली आणि रोबो जागच्या जागी थांबला. "बिघडला का?" चेहरा उतरला होता त्यांचा. मी म्हटलं, "नाही काका, तो असाच बनवलाय." त्या स्विचला तीन जागा असतात. सोडला तरी रोबो थांबतो, पूर्ण दाबला तरी थांबतो, मधे धरला तरच चालतो. घाबरलेला माणूस एक तर हातातलं सोडून देतो, नाही तर घट्ट आवळतो, आणि दोन्ही वेळा रोबो थांबलाच पाहिजे. शिवाय शिकवायच्या मोडमध्ये वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जात नाही. "कोंबडीचं पिल्लू धरता ना, तसं धरा," एवढं म्हटल्यावर त्यांना पकड सापडली.

पुढची अडचण दिशांची. एक्स, वाय, झेड म्हटलं की काका गप्प. मग मी टूल फ्रेम लावून दिली, म्हणजे रोबोच्या हातातली वेल्डिंगची टॉर्च जिकडे बघतेय तिकडे 'पुढे', आणि त्याच्या उलट 'मागे'. वेल्डर आयुष्यभर असाच विचार करतो, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत ते एकेक पॉइंट घेऊ लागले, म्हणजे टॉर्च जिथून न्यायची ती जागा रोबोला दाखवून साठवू लागले. एका कोपऱ्यावर येऊन थांबले आणि म्हणाले, "इथे प्रेसचा पार्ट उघडतो, फट राहते. आर्क जाड पत्र्यावर धरायचा आणि जरा थांबून मग पुढे जायचं." त्यांनी तिथे टॉर्चचा कोन बदलला, थोडा थांबा टाकला. पुण्याच्या इंजिनियरच्या प्रोग्रॅममध्ये हे नव्हतं, आणि असणार तरी कुठून? ड्रॉइंगवर फट दाखवलेलीच नसते.

दाखवून शिकवणं ही काही आजची टूम नाही. 1961 साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. त्यालाही हालचाली एकदा करून दाखवायच्या, मग तो त्या चुंबकीय ड्रमवर साठवून पुन्हा पुन्हा करायचा. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली भाषा काढली. वाट कशीही असो, सांधे फिरवून त्या पॉइंटला जा, एवढंच सांगायचं असतं. त्याला एबीबीमध्ये 'मूव्ह-जे' म्हणतात, कुकामध्ये 'पीटीपी' आणि फानुकमध्ये नुसतं 'जे'. आता हाताने धरून फिरवता येणारे रोबो आहेत, पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची सोय आहे. मला याचा मनापासून आनंद आहे.

पण विक्रेत्याने तासाभराच्या डेमोत 'कोणीही चालवेल' म्हटलं, तर तेवढ्यावर विसंबू नका. टॉर्च कुठे आपटली, नळी जराशी वाकली, की वायरचं टोक रोबोला वाटतं तिथे राहत नाही आणि सगळे पॉइंट एकदम चुकतात. ठोकळे कितीही सोपे असले तरी हे ते सांगत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी मी फिक्स्चरवर, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर, एक टोकदार पिन बसवायला लावतो. रोज सकाळी वायरचं टोक त्या पिनला टेकतंय का ते बघायचं, मगच पहिला जॉब लावायचा. आणि माणसाजवळ चालायला बनवलेला कोबॉट असला तरी त्याच्या हातात जळती टॉर्च आहे, हे विसरायचं नाही. पडदे, कुंपण, धुराची सोय यांचा विचार करावाच लागतो.

खरी भिंत मला इंग्रजीची वाटते. पेंडंटवर लाल अक्षरांत 'सिंग्युलॅरिटी' आलं की चांगला हुशार मुलगाही हात मागे घेतो. अर्थ साधा आहे. मनगट सरळ होऊन चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत आले, आता कोणता किती फिरवायचा ते रोबोला ठरवता येत नाही. त्या शॉपमध्ये मी नेहमी येणाऱ्या मेसेजची एक वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द जसाच्या तसा देवनागरीत, उजवीकडे काकांच्या बोलीतला अर्थ. 'जॉइंट लिमिट' समोर त्यांनी स्वतः लिहिलंय, 'हात आता आणखी वळत नाही, मागे घे'. सिंग्युलॅरिटीसमोर, 'मनगट सरळ झालं, जरा वाकव'. वही तेलाने काळी झालीय आणि पेंडंटच्या हुकलाच लटकते. नवीन मुलगा आला की काका आधी ती वही त्याच्या हातात देतात.

तेव्हा पायथन शिकायचं असेल तर जरूर शिका, पण माझ्याकडे येण्यासाठी त्याची अट नाही. येताना तुमच्या शॉपमधला एक जॉब तेवढा घेऊन या. शक्यतो ज्याचं रीवर्क सगळ्यात जास्त निघतं, तोच आणा.