पाळीच्या पाण्यावरचे शहर

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या मध्यभागी, एका जुन्या वस्तीत माझ्या मुलीचा एक सहकारी गमबूट घालून, हातात बॅटरी घेऊन आपल्या परसातल्या झडपेपाशी उभा होता आणि मी त्याच्या शेजारी. दोनला त्याची पाळी सुरू झाली. त्याने झडपेचे चाक फिरवताच जमिनीखालच्या नळातून पाणी उसळून वर आले आणि कडेने घातलेल्या वीतभर उंचीच्या बांधाच्या आत हिरवळीवर पसरू लागले. अंगणातल्या संत्र्याच्या झाडांचे बुंधे उन्हाने भाजू नयेत म्हणून पांढऱ्या रंगाने रंगवलेले होते आणि अंधारात तेवढेच स्पष्ट दिसत होते. माझे बालपण श्रीरामपूरकडे प्रवरेच्या पाटावर गेले. वडिलांबरोबर मी रात्री-अपरात्री दारे धरली आहेत. अमेरिकेतल्या पाचव्या क्रमांकाच्या शहरात, आजूबाजूला उंच इमारतींचे दिवे लागलेले असताना, कुणी पाळीचे पाणी भरत असेल अशी कल्पनाही मी केली नव्हती.

फिनिक्समध्ये वर्षाला सरासरी जेमतेम १८ सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही येथे माणसे राहिली, याचे कारण समजून घ्यायचे तर विमानतळाला अगदी लागून असलेल्या सेदाव वाकी संग्रहालयात जावे. पूर्वी त्याला पुएब्लो ग्रांदे म्हणत असत. २०२३ मध्ये त्याला येथील मूळ रहिवासी असलेल्या ओओधम लोकांच्या भाषेतील आजचे नाव मिळाले. डोक्यावरून विमाने जात असतात आणि पायाशी प्राचीन काळी येथे राहणाऱ्या होहोकम लोकांनी बांधलेला मातीचा मोठा चौथरा आणि त्यांच्या कालव्यांचे अवशेष असतात. लाकडी व दगडी अवजारांनी, जनावरांची मदत न घेता, या लोकांनी सॉल्ट नदीचे पाणी शेकडो किलोमीटर लांबीच्या कालव्यांतून खेळवले आणि मका, घेवडा, भोपळा व कापूस पिकवला. उतार असा साधलेला की पाणी साचून गाळ बसू नये आणि वेगाने वाहून काठही खचू नयेत. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो पाहताना त्या अनाम लोकांविषयी अपार आदर वाटतो.

साधारण १४५० च्या सुमारास ही वस्ती मोडली. महापूर, अवर्षण, जमिनीत साठत गेलेले क्षार अशी कारणे सांगितली जातात. पाटाखालची जमीन मिठफुटीने पांढरी पडताना मी आमच्याकडे डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे शेवटच्या कारणापाशी मी बराच वेळ थांबलो. मात्र ती माणसे नामशेष झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण आजचे ओओधम लोक त्यांना आपले पूर्वज मानतात.

१८६७ मध्ये जॅक स्विलिंग याने या खोऱ्यात कालवा कंपनी काढली. होहोकमांच्या जुन्या कालव्यांच्या खुणा त्याला आयत्याच मिळाल्या. जुन्या संस्कृतीच्या अवशेषांतून नवे गाव उठत आहे, म्हणून राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव डॅरेल डुप्पा याने सुचवले असे सांगतात. १८७० च्या जनगणनेत येथे २४० माणसे होती आणि १९०० मध्ये ५,५४४. दरम्यान १८९१ च्या पुराने गाव धुऊन काढले आणि शतकाच्या शेवटी पडलेल्या दीर्घ दुष्काळाने उभ्या बागा वाळवल्या. तेव्हा शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये संघटना उभारून आपल्या जमिनी सरकारकडे तारण ठेवल्या आणि त्या आधारावर रूझवेल्ट धरण बांधून घेतले. दगडी बांधकामाचे हे धरण १९११ मध्ये पुरे झाले. आपले प्रवरेवरचे भंडारदरा धरण दगडीच आणि उंचीलाही जवळपास या धरणाच्या मूळ उंचीएवढेच. ते १९२६ मध्ये पूर्ण झाले.

लोकसंख्येचे आकडे मात्र सावधपणे वाचावे लागतात. १९५० मध्ये १,०६,८१८ असलेली लोकसंख्या १९६० मध्ये ४,३९,१७० झाली. युद्धकाळातले वैमानिकी तळ, त्यानंतर आलेले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आणि घरोघर पोहोचलेली वातानुकूलन यंत्रे यांमुळे लोक आले हे खरेच. पण त्याच दशकात शहराने भोवतालच्या वस्त्या आपल्या हद्दीत घेतल्या आणि क्षेत्रफळ सुमारे ४४ वरून ४८५ चौरस किलोमीटरवर गेले. म्हणजे वाढीचा मोठा हिस्सा हद्दवाढीचा होता. २०२० मध्ये शहरात १६,०८,१३९ आणि सबंध महानगरात सुमारे ४८ लाख माणसे मोजली गेली. पूर्वीच्या कापसाच्या शेतांवर घरे उभी राहिली. एकरभर कापसापेक्षा एकरभर घरांना पाणी कमी लागते, म्हणून हे जमत आले.

शिवाय कोलोराडो नदीचे पाणी आले. १९७३ ते १९९३ या काळात बांधलेला सुमारे ५४० किलोमीटरचा कालवा पंपांच्या साहाय्याने पाणी ८०० मीटरांहून अधिक उंच चढवून आणतो. ज्या ओओधम शेतकऱ्यांचे गिला नदीचे पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाच्या वसाहतींनी वळवून घेतले आणि ज्यांची त्यामुळे उपासमार झाली, त्यांना २००४ च्या कायद्याने या कालव्यातील सर्वांत मोठा हक्क मिळाला. या शहराच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

उन्हाचा विचार टाळता येत नाही. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर गेले आणि त्या वर्षी फिनिक्स ज्यात येते त्या मॅरिकोपा परगण्यात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये, केवळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना मंजुरी देणे राज्याने थांबवले. येथे नव्या वसाहतीसाठी शंभर वर्षे पुरेल इतके पाणी आहे असे आधी दाखवावे लागते.

माझी मुलगी शेजारच्या चँडलरमध्ये चिप तयार करणाऱ्या कारखान्यात काम करते. तिच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे या कारखान्यांमुळेच येथे आली आहेत. ती सध्या घर शोधत आहे. एका रविवारी तिने मला विचारले, “बाबा, शंभर वर्षांचे पाणी म्हणजे नेमके कसे मोजतात हो?” मी वही घेऊन बसलो आणि नदी, धरण, कालवा, भूजल अशी रकान्यांची आखणी केली. शंभर वर्षे मागे गेले तर १९२० च्या जनगणनेत फिनिक्समध्ये २९,०५३ माणसे होती. आम्ही तो आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली.